सेकंडहँड सुपरकार : किंमत उतरते, खर्च उतरत नाही

या सदराकडे येणाऱ्या पत्रांत लॅम्बोर्गिनी, फेरारी, मॅक्लारेन ही नावे आता वरचेवर दिसतात. ही हौस मुंबई-पुण्यापुरती राहिलेली नाही. नाशिक, कोल्हापूर, मडगाव इथूनही विचारणा होते आणि बहुतेकांचा प्रश्न सारखाच असतो : नवी आवाक्याबाहेर आहे, जुनी जवळपास निम्म्यात मिळते आहे, घेऊ का? घ्यावी, पण पुरता हिशेब मांडून. म्हणून या वेळचे सदर या एकाच विषयाला दिले आहे.

शंका : लॅम्बोर्गिनी हुराकान, २०१५ चे मॉडेल, एमएच पासिंग, पावणेदोन कोटींना मिळते आहे. नवी असताना तिची किंमत साडेतीन कोटींच्या घरात होती असे कळते. ती सांभाळायला वर्षाला काय खर्च येईल?
— एक बांधकाम व्यावसायिक, नाशिक

समाधान : तुम्हाला कळलेली किंमत बरोबर आहे. हुराकान एलपी ६१०-४ भारतात २०१४ साली आली तेव्हा दिल्लीतली एक्स-शोरूम किंमत ३ कोटी ४३ लाख रुपये होती. आज गाडी निम्म्यावर आली, पण तिचा एकही सुटा भाग निम्म्यावर आलेला नाही. ५.२ लिटरच्या व्ही-१० इंजिनाला तेल तितकेच लागते. मागचे टायर ३०५/३०, २० इंची हेच लागतात आणि या मॉडेलला कार्बन-सिरॅमिक ब्रेक कंपनीकडूनच बसवलेले असतात. हे सगळे आजच्या आयात दराने, आजच्या युरोच्या भावाने येते. थोडक्यात, तुम्ही पावणेदोन कोटींची गाडी विकत घेता, पण सांभाळता ती साडेतीन कोटींची.

म्हणून माझा ठोकताळा असा : वार्षिक खर्च गाडीच्या आजच्या किमतीवर काढू नका, नव्या किमतीवर काढा. त्या किमतीच्या २ ते ३ टक्के, म्हणजे तुमच्या बाबतीत ७ ते १० लाख रुपये, विमा, नियमित सर्व्हिसिंग, टायर-बॅटरीची सरासरी आणि किरकोळ दुरुस्ती यांसाठी दरवर्षी धरावेत. याशिवाय खरेदीच्या किमतीच्या किमान १० टक्के रक्कम वेगळ्या खात्यात ठेवावी. क्लच, गिअरबॉक्सचा एखादा सेन्सर, गाडीचे नाक वर उचलणारी पुढची लिफ्ट, सस्पेन्शनचा डॅम्पर यांपैकी एक तरी खर्च पहिल्या दोन-तीन वर्षांत उभा राहील असे समजून चला. हे १७-१८ लाख बाजूला काढल्यावर हात आखडत असेल, तर ही गाडी परवडत नाही असाच अर्थ घ्या आणि एक पायरी खालची, पण उत्तम राखलेली गाडी बघा.

हुराकानची एक बाजू मात्र भक्कम आहे. तिचा पाया आणि इंजिन दुसऱ्या पिढीच्या ऑडी आर-८शी मिळतेजुळते आहे, त्यामुळे तिच्या यंत्राचे गुणदोष तंत्रज्ञांना चांगले ठाऊक आहेत. शिवाय २०२४ मध्ये हुराकान आणि आर-८ या दोन्हींचे उत्पादन थांबले. हुराकानच्या जागी आलेल्या टेमेरारिओला टर्बोचे व्ही-८ इंजिन आणि विजेच्या मोटरी आहेत. टर्बोविना व्ही-१० आता नव्याने मिळणार नाही, याचा आधार जुन्या गाड्यांच्या किमतीला आहे.

शंका : विमा एजंट म्हणतो, आयडीव्ही कमी दाखवू, हप्ता बराच वाचेल. ऐकावे का?
— एक वाचक, ठाणे

समाधान : अजिबात ऐकू नका. आयडीव्ही म्हणजे गाडी चोरीला गेली किंवा पूर्ण निकामी झाली तर कंपनी जास्तीत जास्त जितकी रक्कम देईल ती. नियमानुसार ती पहिल्या सहा महिन्यांत ५ टक्के, तिसऱ्या वर्षात ३० टक्के आणि पाचव्या वर्षात ५० टक्के घसरते. पाच वर्षांनंतर कंपनी आणि मालक ती आपसांत ठरवतात आणि नेमक्या इथेच चूक होते.

दुरुस्तीचा खर्च आयडीव्हीच्या ७५ टक्क्यांपलीकडे गेला की गाडी ‘टोटल लॉस’ धरली जाते. साध्या गाडीत त्यासाठी मोठा अपघात व्हावा लागतो. सुपरकारचे तसे नाही, कारण आयडीव्ही जुन्या गाडीची असते आणि बंपर, हेडलॅम्प, रेडिएटर, अॅल्युमिनियमचे पत्रे यांची बिले नव्या दराची येतात. कमी आयडीव्हीची गाडी मध्यम धडकेतही हातची जाऊ शकते आणि मिळालेल्या पैशांत तशीच दुसरी गाडी येत नाही. तेव्हा बाजारभावाला धरून आयडीव्ही मागा आणि किंमत पटवायला तज्ज्ञाचा मूल्यांकन अहवाल जोडा. प्लास्टिक आणि रबराच्या भागांवर दाव्यात ५० टक्के घसारा कापतात, म्हणून मिळत असेल तोवर झिरो डेप, म्हणजे घसारा न कापणारे जादा संरक्षण, सोडू नका. पावसाळ्यातल्या मुंबई-ठाण्यात इंजिन प्रोटेक्ट हवेच. या गाड्यांचे हवा घेण्याचे मार्ग खाली असतात, पाणी सिलिंडरमध्ये गेले की इंजिनच जाते आणि साध्या पॉलिसीत ते नुकसान सहसा धरत नाहीत.

शंका : विकणारा म्हणतो ‘सिंगल ओनर, नॉन-अॅक्सिडेंट’. एवढी महाग गाडी मी स्वतः काय बघून पारखू?
— एक कारखानदार, कोल्हापूर

समाधान : अंतिम तपासणी त्या कंपनीच्या वर्कशॉपमध्येच करून घ्या. साध्या स्कॅनरला या गाड्यांची सगळी नोंद वाचता येत नाही. तरीही डोळसपणे पाहिले तर एका तासात पुष्कळ कळते.

सुरुवात टायरपासून करा. टायरच्या बाजूवर डॉट क्रमांकाच्या शेवटी चार आकडे असतात. २३१९ म्हणजे २०१९ चा २३ वा आठवडा. नक्षी नव्यासारखी असली तरी सहा-सात वर्षांचे रबर कडक झालेले असते आणि सहाशे अश्वशक्तीच्या गाडीखाली ते धोक्याचे. पिरेलीच्या टायरवर लॅम्बोर्गिनीसाठी एल, मॅक्लारेनसाठी एमसी, फेरारीसाठी के-१ अशी खूण असते. चारही टायर एकाच खुणेचे नसतील तर आधीच्या मालकाने कुठे काटकसर केली ते समजते आणि मग त्याने आणखी कुठे केली ते शोधावे लागते.

मग ब्रेक. कार्बन-सिरॅमिक डिस्क लोखंडी डिस्कसारखी जाडीने झिजत नाही. तीव्र उष्णतेने तिच्यातला कार्बन जळतो आणि ती हलकी होते. म्हणून बऱ्याच डिस्कच्या मधल्या, चाकाला बसणाऱ्या भागावर किमान वजन ग्रॅममध्ये कोरलेले असते. खरी परीक्षा डिस्क उतरवून वजनकाट्यावर ठेवण्याची. तेवढा वेळ विकणाऱ्याकडून मागून घ्या. जमलेच नाही तर टॉर्च घेऊन चाकाच्या आऱ्यांमधून डिस्कची कड गोलाकार तपासा. कडेचा टवका निघालेला असेल, पृष्ठभाग खरखरीत होऊन तंतू दिसत असतील, तर सौदा तिथेच थांबवा. चारही डिस्क बदलायच्या तर खर्च चांगल्या नव्या गाडीच्या किमतीएवढा येतो.

पुढची लिफ्ट वर उचलून गाडी रात्रभर तशीच ठेवायला सांगा. सकाळी ती खाली बसली असेल किंवा जमिनीवर तेलाचा डाग असेल, तर हायड्रॉलिक लाइन गळते आहे. आपल्याकडच्या स्पीडब्रेकरांमुळे ही यंत्रणा परदेशापेक्षा कितीतरी जास्त वापरली जाते. रंगाची जाडी मोजणारे यंत्र आणाल तर अॅल्युमिनियमवर चालणारे आणा. फक्त लोखंडावर चालणारे यंत्र इथे कामाचे नाही. क्लच किती झिजला त्याचा आकडा वर्कशॉपकडून छापील घ्या आणि चॅसिस क्रमांक देऊन सर्व्हिस हिस्टरी थेट कंपनीकडून मागवा. कॉम्प्युटर दाखवायला किंवा वर्कशॉपला न्यायला जो नकार देतो, त्याची गाडी कितीही देखणी असली तरी सोडून द्यावी.

शंका : दहा वर्षांत अवघी ४ हजार किलोमीटर चाललेली फेरारी मिळते आहे. इतकी कमी चाललेली म्हणजे नवीच ना?
— एक हॉटेल व्यावसायिक, मडगाव

समाधान : नवी नव्हे, उभी राहिलेली. किनाऱ्यावरच्या दमट हवेत हा फरक फार मोठा असतो. न चालवलेल्या गाडीत तेलाचे सील सुकतात, ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषते, टायरवर फ्लॅट स्पॉट पडतात आणि चार्जरला न लावलेली बॅटरी इतकी उतरते की इलेक्ट्रॉनिक्स खोटे दोष दाखवू लागते. अॅल्युमिनियम आणि पोलादी स्क्रू जिथे एकमेकांना टेकतात, तिथे खारट हवेने रंगाखाली फोड येतात. दारांच्या कडा आणि बिजागरांभोवतालचा भाग बोटाने चाचपून पाहा. २००० च्या दशकातल्या फेरारींत आणखी एक खूण सापडते. डॅशबोर्डवरच्या बटणांचा मऊ लेप उष्ण-दमट हवेत विरघळतो आणि बोट ठेवले की काकवी लागल्यासारखे चिकटते. दुरुस्ती अवघड नाही, पण गाडी कशा जागी ठेवली होती ते त्यातून कळते.

पेट्रोलचाही विचार करा. आपल्याकडे एप्रिल २०२३ पूर्वी विकलेल्या बहुतेक गाड्या २० टक्के इथेनॉलचे पेट्रोल गृहीत धरून बनवलेल्या नाहीत. इथेनॉल पाणी ओढते. असे इंधन टाकीत महिनोन्‌महिने पडून राहिले तर पंप आणि रबरी नळ्यांना त्रास होतो.

तेव्हा किलोमीटर कमी आहेत म्हणून जादा पैसे मोजू नका. सर्व्हिसच्या नोंदी वर्षागणिक आहेत का, ते आधी पाहा. २०११-१२ पासून फेरारीने नव्या गाड्यांबरोबर सात वर्षांची नियमित सर्व्हिसिंग योजना द्यायला सुरुवात केली. तिच्यात वर्षातून एकदा किंवा २० हजार किलोमीटरला तपासणी होते आणि गाडी विकली तरी ती योजना नव्या मालकाकडे जाते. अशा गाडीच्या पुस्तकात दरवर्षीचे शिक्के असतील आणि आकडा २० हजारांचा असेल, तर मी ४ हजारवालीपेक्षा तीच घ्यायला सांगेन.

शंका : काही सुपरकारची किंमत कोसळते, काहींची वाढते. असे का होते?
— एक अभियंता, पुणे

समाधान : इंग्लंडच्या बाजारातली एक जोडी घेऊ. फेरारी ४५८ स्पेशियाले २०१३ मध्ये आली, मॅक्लारेन ७२०एस २०१७ मध्ये. दोन्हींची नवी किंमत जवळपास सारखीच, सुमारे २ लाख ८ हजार पौंड. आज ७२०एस सव्वा लाख पौंडांच्या आसपासही मिळते आणि चांगल्या स्पेशियालेला तीन लाखांच्या वर मोजावे लागतात. वेगात ७२०एस सरस आहे, म्हणजे वेगाला पुनर्विक्रीत फारसा भाव नाही.

कारणे तीन. पहिले, तुटवडा. फेरारी मुद्दाम मागणीपेक्षा कमी गाड्या बनवते. मॅक्लारेनने २०११ च्या एमपी४-१२सीपासून एका दशकात ६५०एस, ५७०एस, ६००एलटी, ७२०एस, ७६५एलटी अशी मॉडेलांची रांग लावली आणि बहुतेकांत एकाच कुळातले व्ही-८ टर्बो इंजिन. नवे मॉडेल आले की जुन्याचा भाव पडायचा. दुसरे, युगाचा शेवट. २०१५ मध्ये ४८८ आली आणि इंजिन मागच्या बाजूला बसवलेल्या नेहमीच्या व्ही-८ फेरारींत टर्बो आले. त्यामुळे टर्बोविना फिरणाऱ्या त्या इंजिनाचा कळस म्हणून स्पेशियालेकडे पाहिले जाते. तिसरे, दुरुस्तीची धास्ती. वॉरंटी संपलेल्या गाडीत काय निघेल याची भीती खरेदीदार किमतीतून वजा करतो. म्हणूनच कंपनीची एक्सटेंडेड वॉरंटी चालू असलेली गाडी सहज विकली जाते.

नव्या हायब्रिड फेरारी-मॅक्लारेनना हेच तिसरे कारण लागू पडते. दहा वर्षांनी बॅटरीचे काय, हा प्रश्न खरेदीदार आजच विचारतो. फेरारीने २०२४ मध्ये सशुल्क योजना आणली, तिच्यात आठव्या आणि सोळाव्या वर्षी बॅटरी बदलून मिळते. फेरारीची जुनी हायब्रिड, म्हणजे २९६ किंवा एसएफ९०, घेणार असाल तर ही योजना त्या गाडीला लागू होते का, हा पहिला प्रश्न ठेवा.

शंका : वीस वर्षांनी कायमचा पुण्याला परत येतो आहे. माझी २०१८ ची मॅक्लारेन ७२०एस बरोबर आणता येईल का? स्टिअरिंग उजवीकडेच आहे.
— एक आयटी सल्लागार, स्लाव (इंग्लंड)

समाधान : नाही येणार. भारतात वापरलेली गाडी आणायची तर ती उत्पादनापासून तीन वर्षांपेक्षा जुनी चालत नाही, स्टिअरिंग उजवीकडे हवे आणि ती मुंबई बंदरातूनच यावी लागते. तुमची गाडी पहिल्याच अटीत अडते. अट नसती तरी कायम परतणाऱ्यांना घरसामानावर मिळणारी सवलत मोटारीला मिळत नाही. शंभर टक्क्यांहून जास्त कस्टम ड्युटी आणि त्यावर जीएसटी भरावा लागला असता. कार्नेटवर, म्हणजे तात्पुरत्या आयातीच्या परवान्यावर, पाहुणा म्हणून गाडी आणता येते, पण ती मुदतीत परत न्यावी लागते. तुम्हाला तो मार्ग उपयोगाचा नाही. गाडी इंग्लंडमध्येच विका. तिथे या मॉडेलचा बाजार मोठा आहे आणि सर्व्हिस हिस्टरीची कदर होते.

शंका : पुदुच्चेरी पासिंगची गाडी मुंबईतल्या गाडीपेक्षा २५ लाखांनी स्वस्त मिळते आहे. काही अडचण येईल का?
— एक वाचक, मुंबई

समाधान : स्वस्ताई बहुधा कराइतकीच आहे. महाराष्ट्रात आयात गाडीला २० टक्के वाहनकर लागतो आणि १ जुलै २०२५ पासून त्याची कमाल मर्यादा २० लाखांवरून ३० लाख झाली. मोटार वाहन कायद्याच्या कलम ४७ नुसार दुसऱ्या राज्यातली गाडी इथे बारा महिन्यांहून जास्त ठेवली तर नवा नोंदणी क्रमांक घ्यावाच लागतो आणि गाडीच्या वयानुसार कर भरावा लागतो. ‘असेच चालवा, कोणी विचारत नाही’ असे सांगणारा गाडी विकून मोकळा होतो, जप्तीची नोटीस तुमच्या नावे येते. मूळ आरटीओची एनओसी, म्हणजे फॉर्म २८, हाती आल्याशिवाय टोकनपलीकडे एक रुपयाही देऊ नका. कर्ज असेल तर फॉर्म ३५ आणि बँकेचे पत्रही घ्या. कर धरूनही गाडी स्वस्त पडत असेल तरच घ्या.

शंका : माझी गाडी विकायची आहे. जीएसटी बदलला, ब्रिटनशी करार झाला. थांबू की विकू?
— एक व्यापारी, सोलापूर

समाधान : आकडेच मांडू. १०० रुपयांची गाडी बंदरात आली की ११० टक्के ड्युटीने २१० रुपयांची होते. दोन आसनी स्पोर्ट्स कारवर पूर्वी जीएसटी आणि सेस मिळून ४८ टक्के लागायचे, म्हणजे ३१० रुपये ८० पैसे. २२ सप्टेंबर २०२५ पासून सरसकट ४० टक्के लागतो, म्हणजे २९४ रुपये. नवी गाडी साधारण साडेपाच टक्क्यांनी उतरली आणि जुनीला तेवढे उतरावेच लागते. जुलै २०२५ मध्ये सही झालेल्या करारात ठरावीक संख्येतल्या ब्रिटिश गाड्यांवरची ड्युटी टप्प्याटप्प्याने १० टक्क्यांपर्यंत आणायची तरतूद आहे. आपल्याकडे जुन्या सुपरकारची किंमत मुख्यतः ड्युटीने उचलून धरली आहे. तो टेकू हळूहळू निघतो आहे. विकायचे नक्की असेल तर थांबण्यात मला फायदा दिसत नाही.

‘पार्क अँड सेल’ला, म्हणजे विक्रीसाठी डीलरकडे ठेवायला, गाडी देताना कराराची मुदत, कमिशन आणि टेस्ट ड्राइव्हमधल्या नुकसानीची जबाबदारी लिहून घ्या. पैसे मिळाल्यावर फॉर्म २९ आणि ३० वर सह्या करून विषय संपला असे समजू नका, आरसीवर नाव बदलेपर्यंत पाठपुरावा करा. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केले आहे की अपघाताची भरपाई नोंदणीकृत मालकाकडूनच मागितली जाते, गाडी कितीही हात बदललेली असो.

शंका : वयाच्या साठीत हौसेने सुपरकार घेतली. मुलगा म्हणतो, चालवू नका, रीसेल पडेल. काय करू?
— एक निवृत्त उद्योजक, सांगली

समाधान : चालवा. तुमच्या गाडीची किंमत वर्षाला समजा १० लाखांनी उतरते आहे. त्यातला मोठा भाग वयाचा असतो, किलोमीटरचा नसतो. वर्षात ५०० किलोमीटर चालवलीत तर दर किलोमीटरला २ हजार रुपये पडले. ५ हजार चालवलीत तर २०० रुपये. मोजक्या संख्येने बनलेल्या संग्राह्य गाडीची गोष्ट वेगळी, तिथे कमी किलोमीटरला खरोखर भाव असतो. नेहमीच्या मॉडेलला नियमित चालवलेली, वेळेवर सर्व्हिस झालेली गाडीच जपते. दर पंधरवड्याला किमान तासभर, तेल पुरते तापेल इतकी चालवा, उभी असताना बॅटरी चार्जरला लावा आणि प्रत्येक बिल जपून ठेवा. मुलाला सांगा, पुढे गाडी विकताना आकडा कितीही असो, गिऱ्हाईक आधी ही फाइल मागेल.